शिसपेन्सिलीचे डोंगर

तुळजापूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आई भवानी उभी राहते. डोंगर उभा राहत नाही. वास्तविक देवीचे राऊळ बालाघाटाच्या कडेला, उतारावर वसले आहे. पण पायऱ्या उतरावयाच्या, कल्लोळतीर्थावर हातपाय धुवावयाचे आणि दर्शनाला धावावयाचे. या लगबगीत डोंगराकडे पाहतो कोण?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. इकडचा कारभार पाहावयास आला फिलिप मेडोज टेलर. ठगाच्या जबानीवरील कादंबरीने (१८३९) त्याचे नाव गाजले होतेच. त्याआधी, १८३७ साली, त्याच्या दख्खनच्या चित्रांचे पुस्तक लंडनला शिळाछापावर निघाले होते. माणूस हौशी चितारी होता.

त्या काळी अशी हौस पुष्कळांना होती. कंपनी सरकारच्या ॲडिसकूम येथील लष्करी विद्यालयात रेखाटन शिकवीत असत. पेन्सिलीला ना पाण्याची वाटी लागे, ना रंग वाळण्याची वाट पाहावी लागे. १७९५ साली फ्रान्सच्या कोंतेने ग्राफाइटात माती मिसळून, भाजून, हवी तशी कठीण वा मऊ पेन्सिल करण्याची युक्ती काढली. मग जवळचा कडा मऊ पेन्सिलीने काळाभोर करावा, दूरची रांग कठीण पेन्सिलीने पुसट ओढावी; वीतभर कागदावर दहा कोसांचा मुलूख मावला!

ही पेन्सिल भोळी मात्र नव्हती. खिंड कोठे, पाणी कोठे, किल्ल्याची कोणती बाजू कच्ची, हे टिपण्यासाठीच लष्कराला चितारी हवे होते. पण एकदा पाहावयास शिकलेली नजर केवळ चाकरीपुरती राहत नाही. १८६० साली हा मुलूख निजामाकडे परत गेला; टेलरही त्याच वर्षी नोकरीतून मोकळा झाला. १८६३ साली त्याची ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. काळ शिवरायांचा, नायिका तुळजापूरच्या शास्त्रीबुवांची लेक! त्याचा अंमल सरला, पाहिलेले मात्र उरले.

मला वाटते, पाहण्याचा हा धडा आपण घ्यावा. त्यास परक्याची सत्ता लागत नाही. यंदाच्या सुट्टीत तुळजापुरास गेलात, तर दर्शन झाल्यावर मुलांच्या हाती एक पेन्सिल द्या आणि घटकाभर त्या कड्यासमोर बसवा. चित्र कसे का येईना. डोंगर तेवढा त्यांचा होईल.