पद्मिनीच्या पोटातली हळद

तंजावरहून बोलतोय म्हटलं की तुम्ही सरस्वती महाल आणि मोडी कागदांची वाट पाहता. आज मात्र बॉनेट उघडायचं आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली. 1964 साली डिलाइट आली, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून पाणी संपलेली पद्मिनी तशीच दामटली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. त्या काळी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. इतक्या मुश्किलीने मिळालेली गाडी लोक काहीही करून चालू ठेवत.

त्या ‘काहीही’तली एक युक्ती देशभर चाले: रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकायची. पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक भोकात अडकते, गळती थांबते. आमच्या अप्पांच्या डिकीत हळदीचा डबा कायम असे. दुसरी युक्ती मेकॅनिकांची: थर्मोस्टॅट काढून टाकायचा. आमच्या उन्हात तो अडकून बंद राहिला तर इंजिन उकळणार, त्यापेक्षा नकोच. मला यात अडाणीपणा दिसत नाही, हिशेब दिसतो.

पण अप्पांनी गाडीला हीटर बसवून घेतला होता, ऊटीसाठी. मी शाळेत असताना एका डिसेंबरात तिथे गेलो आणि हीटरमधून गार वारा आला. आई तापाने फणफणलेली, मागच्या सीटवर कुडकुडत होती. हीटर स्वस्तातला घेतला म्हणून मी अप्पांना बोललो. ते गप्प राहिले.

गेल्या वर्षी मी ती गाडी उघडली. इंजिन तापवून हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावला. एक कोमट, दुसरी गार. म्हणजे कोर तुंबलेला. कोमट का? थर्मोस्टॅट नव्हता, पाणी पुरतं तापतच नव्हतं. उलट्या बाजूने पाण्याचा झोत सोडला तर पिवळा-तपकिरी गाळ पडला. रेडिएटर वाचवणाऱ्या हळदीने हीटरच्या बारीक नळ्या बुजवल्या होत्या. हीटर चांगलाच होता.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डखालची मॅट ओली! कोरलाही भोक होतं, तेही हळदीनेच धरून ठेवलेलं. पितळी कोर, म्हणून डाग देऊन घेता आला. होजपाइप नवे घातले, बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. बोअरच्या पाण्याने आत खपल्या धरतात, हेडही पोखरतं.

अप्पा 84 वर्षांचे आहेत. त्यांना पुढे बसवलं, भर मे महिन्यात हीटर लावला. त्यांनी जाळीपुढे हात धरला आणि म्हणाले, “बंद कर आता, उकडतंय.”