आलेखाच्या चौकटीबाहेरची रेषा : कुलाबा वेधशाळा आणि दृश्य आज्ञावली

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून अलीकडे एक नवे दृश्य पाहावयास मिळते. विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर चौकोनी ठोकळे ओढून आणतो, ते रेषांनी एकमेकांस जोडतो आणि काही क्षणांत सेन्सरकडून येणाऱ्या तापमानाचा आलेख डोळ्यांसमोर सरकू लागतो. आज्ञावलीची एकही ओळ लिहावी लागत नाही. नांदुऱ्याच्या मे महिन्यातील उन्हात टिनाच्या छतावर सेन्सर ठेवून केलेला असाच एक प्रयोग पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. आलेखाची वरची मर्यादा ५० अंश सेल्सिअस ठरविलेली होती. दुपारी रेषा चौकटीच्या वरच्या कडेला लागली आणि दिसेनाशी झाली. ऊन उतरल्यावर ती पुन्हा खाली आली. दरम्यान पत्रा किती तापला होता, या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते, कारण आकडे साठविण्याचा ठोकळा जोडलेलाच नव्हता.

यास विद्यार्थ्यांची चूक म्हणावी, तर ती इंग्लंडमधील नामांकित वेधशाळांच्या उपकरणांच्या बाबतीतही घडलेली आहे. आणि त्या वेळी जे त्यांच्या कागदावर उतरले नाही, ते मुंबईत कुलाब्याच्या नोंदींत उतरले. सेन्सरची माहिती 'थेट' पाहण्याचा इतिहास अमेरिकेतील संगणकापासून सुरू करण्याची आपली सवय आहे. प्रस्तुत निबंधात तो कुलाब्यापासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कुलाब्याची नोंद

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली, ती मुख्यतः खगोलीय वेध व जहाजांना अचूक वेळ देण्याच्या हेतूने. पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे तेथे १८४१ पासून सुरू झाली. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे त्या वेळी वेधशाळेचे काम होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली आणि पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक म्हणून कीर्ती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे यांच्या नोकरीचा आरंभ येथेच झाला. आपल्या वाङ्मयेतिहासात या दोघांच्या ग्रंथांची चर्चा विपुल होते. त्यांच्या वेधशाळेतील कामाची मात्र एका वाक्यात बोळवण होते.

येथील काम कंटाळवाणे होते. टांगलेला चुंबक किंचित वळला की त्याबरोबर सरकणारी मोजपट्टी दुर्बिणीतून वाचावयाची, आकडा वहीत लिहावयाचा, आणि तासाभराने पुन्हा तेच. चुंबक अस्वस्थ दिसला की वाचनातील अंतर कमी करावयाचे, असा दंडक होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर चुंबक हा सेन्सर, मोजपट्टी हा पडदा, आणि नोंद साठविण्याचे साधन म्हणजे एक जागा माणूस.

२ सप्टेंबर १८५९ रोजी, मुंबईत दुपार होण्यापूर्वी, पृथ्वीवर ज्ञात इतिहासातील अतितीव्र चुंबकीय वादळांपैकी एक येऊन आदळले. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तेजाचा भडका पाहिला होता. ग्रिनिच आणि क्यू येथे तोवर छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप आलेख उमटविणारी यंत्रे बसविलेली होती. वादळ इतके प्रचंड होते की प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेर गेला; रेषा तुटली. कुलाब्यास असे यंत्र नव्हते. लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखालील निरीक्षक डोळ्यांनी वाचत होते व वादळ वाढताच काही मिनिटांच्या अंतराने वाचू लागले. या नोंदी वेधशाळेच्या छापील अहवालात आल्या आणि जवळजवळ दीड शतक तेथेच राहिल्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्सालेस, गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा क्षितिजसमांतर चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाल्याचे जगापुढे आले. ही घट नेमकी कोणत्या विद्युत्प्रवाहामुळे झाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु वाद घालण्यास आकडा हाती आहे, हेच महत्त्वाचे.

यावरून माणूस यंत्राहून श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. रात्री-अपरात्री डुलकी लागलेल्या निरीक्षकाने काय गमावले, याचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. कुलाब्यानेही १८७०च्या दशकाच्या आरंभी छायाचित्रण पद्धतीची स्वयंनोंदणी स्वीकारलीच.

अलिबागचे स्थलांतर

दुसरा प्रश्न सेन्सरच्या शेजाराचा. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे निश्चित झाले, तेव्हा तिच्या विद्युत्प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी दूषित होणार हे उघड होते. ट्राम प्रत्यक्षात १९०७ मध्ये धावली. पण वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्येच अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभी केली. तेथील इमारतीत लोखंड टाळण्यात आले. स्थलांतरापेक्षाही मूस यांची पुढची कृती अधिक लक्षणीय होय. त्यांनी १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेवली. जुन्या व नव्या आकड्यांतील नाते त्यामुळे निश्चित झाले आणि १८४१ पासूनची मालिका तुटली नाही. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची सामग्री दोन भागांत प्रसिद्ध केली.

ठोकळे आणि रेषा

चित्रांद्वारे आज्ञावली रचण्याची कल्पना १९६६ मध्ये एमआयटीतील विल्यम (बर्ट) सदरलँड यांच्या प्रबंधात स्पष्टपणे दिसते. तिला प्रयोगशाळेत आणले ते लॅबव्ह्यूने. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने १९८६ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी काढलेल्या या साधनात प्रत्येक आज्ञावलीला 'आभासी उपकरण' म्हटले गेले. तिच्या दर्शनी फलकावर काटे, तबकड्या व बटणे असत. मागील बाजूस तारांनी जोडलेले ठोकळे असत. म्हणजे संगणकाने जुन्या यंत्राचा चेहराच उसना घेतला. २०१३ मध्ये आयबीएमच्या निक ओ'लिअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी घडविलेले नोड-रेड मुक्त स्रोत असल्याने ग्रामीण महाविद्यालयासही ते विनामूल्य वापरता येते. महागडे परवाने घेणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र चेहऱ्याबरोबर त्याच्या मर्यादाही आल्या. नोड-रेडच्या जुन्या डॅशबोर्डमध्ये तबकडीची कमाल किंमत, न बदलल्यास, १० असे. आलेख शेवटच्या एका तासाचाच दिसे. ही किंमत कोणी ठरविली, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. क्यू येथील कागदाची रुंदीही अशीच कोणीतरी आधी ठरविलेली होती.

नांदुऱ्याच्या परिसरात, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, जमिनीतील ओलावा किंवा विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजणारे सेन्सर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सहज बसविता येतील. त्या प्रकल्पांचे परीक्षण करताना पडद्यावरील सरकत्या रेषेचे कौतुक जरूर व्हावे. परंतु प्राध्यापकांनी आधी नोंदवही मागावी : आकडे कोठे साठविले, सेन्सर बदलला तेव्हा जुना व नवा किती दिवस शेजारी ठेवला, आणि जवळून विजेच्या पंपाची तार जाते काय? टिनावरील प्रयोग त्या विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. या वेळी मर्यादा ८० ठेवली होती व आकडे एका फाइलमध्ये उतरत होते. त्या दिवशी आभाळ आले आणि पत्रा ५० अंशांवर गेलाच नाही.