बे एरियातली पट्टेवाली मुशी: लेपर्ड शार्क

पिअरवर गळ टाकून बसलं की कधी ना कधी ही लागतेच, आणि आपल्या मंडळींना लगेच मोरीचं मटण आठवतं! म्हणून आधी नीट ओळख करून घेऊ.

लेपर्ड शार्क (शास्त्रीय नाव ट्रायाकिस सेमिफॅसिआटा) ओरेगनपासून मेक्सिकोपर्यंत किनाऱ्यालगत सापडते. राखाडी पाठीवर खोगीर घातल्यासारखे आडवे काळे पट्टे आणि बाजूला ठिपके, ही खूण. इथल्याच खाडीतली ब्राउन स्मूथहाउंड अंगलटीने तशीच, पण तिला पट्टे नाहीत. लांबी बहुधा ४-५ फूट.

राहते उथळ पाण्यात, तळालगत. भरतीबरोबर चिखलाच्या पट्ट्यात शिरते, ओहोटीला परतते. खेकडे, शिंपल्या, चिखलातले किडे हे तिचं खाणं. माणसाच्या वाटेला जात नाही. खाली सॅन दिएगोला ला होयाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात गाभण माद्यांचे घोळके अगदी उथळ पाण्यात येतात. मुलांना जरूर दाखवा.

मटणाचं मात्र जरा थांबा. सॅन फ्रान्सिस्को खाडीतल्या शार्कमध्ये पारा साठतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी ती खाऊच नये, असा राज्य सरकारचा सल्ला आहे. आम्ही फोटो काढून सोडून देतो. ३६ इंचांहून लहान असेल तर कायद्यानेही सोडावीच लागते.