मोडीत न निघालेले आणे

फर्दापूर निजामी राज्याच्या टोकाला. पलीकडे इंग्रजी अमलातील खानदेश. दोन्हीकडे नाव ‘रुपया’च, पण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. हाली नाणी पुरती हद्दपार होण्याआधीच १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली. रुपयाचे मोल तेच राहिले. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले. आणा हिशेबाने सव्वासहा पैशांचा, पण सुट्या आण्याला सहाच पैसे. सोळा आणे एकेक करून मोडणाऱ्याच्या हाती ९६ पैसे येत. गरिबाचा व्यवहार सुट्या आण्यांचा. ही तूट त्यालाच जाणवणार.

२०११ मध्ये पावलीही चलनातून गेली. तरी आपण ‘सोळा आणे खरे’ म्हणतो. वर्गात ‘शंभर पैसे खरे’ म्हणून पाहिले, तर विद्यार्थी हसतात. खरेपणाचे माप आम्हांला अजून आण्यांतच सापडते.