कवटीच्या वेशीवर

जिवंत माणसाच्या मस्तकातील रक्तवाहिन्या प्रथम दृष्टीस पाडल्या त्या लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी, १९२७ साली. परंतु त्यासाठी मानेच्या धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य भरावे लागे, आणि असले धाडस एकाच रोग्यावर दररोज करणे शक्य नव्हते. श्रवणातीत ध्वनीने हे कार्य निर्वेध होईल, अशी आशा पुढे निर्माण झाली खरी. पण १९४२ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी कवटीच्या आरपार ध्वनी सोडून मेंदूतील पोकळ्यांच्या म्हणून ज्या छाया मिळवल्या, त्या दहा वर्षांनंतरच्या तपासणीत बहुतांशी कवटीच्याच कमीअधिक जाडीच्या ठरल्या.

क्रिस्टियान डॉपलर यांनी प्राग येथे १८४२ मध्ये जुळ्या ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधी मांडलेला, उगम हलता असल्यास तरंगांची कंपनसंख्या बदललेली भासते हा सिद्धान्त ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात हृदयाच्या हालचालीस व पुढे रक्तप्रवाहास लावला, आणि मानेतील धमन्या यंत्राला ऐकू येऊ लागल्या. तरीही ध्वनीची हद्द कवटीच्या वेशीवर संपते, हे जणू मुक्ररच झाले होते.

ती समजूत मोडली १९८२ साली. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे रुने आस्लिद यांनी मार्कवाल्डर व नोर्नेस यांच्या सहकार्याने, हाडाशी झुंज न घेता, गालाच्या हाडाच्या कमानीच्या वर कानशिलापाशी कवटी जेथे पातळ असते ती जागा हेरली. मानेसाठी वापरतात त्याहून मंद, सेकंदाला सुमारे २० लक्ष कंपनांचा ध्वनी तुटक स्पंदांनी आत सोडला, आणि प्रतिध्वनी परतण्यास लागणाऱ्या काळावरून खोली ठरवून सुमारे पाच सेंटिमीटरांवरील मध्य मस्तिष्क धमनीतील रक्ताचा वेग मोजला. निरोगी माणसांत तो सरासरी सेकंदाला ६२ सेंटिमीटर भरला. येथे चित्र नव्हते, केवळ एक आलेख होता; आणि माझ्या मते हीच या युक्तीची खरी चतुराई, कारण पाहण्याचा हट्ट सोडताच मार्ग सापडला. (काही माणसांची, विशेषतः वृद्ध स्त्रियांची, ही खिडकीही हाड जाड झाल्याने बंदच असते, हे मात्र सांगितले पाहिजे.) मेंदूवरील आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर काही दिवसांनी धमन्या आकुंचन पावतात व अरुंद मार्गातून रक्त वेगाने धावते, हा धोका आता खाटेपाशीच दररोज अजमावता येऊ लागला.

अमेरिकेतील ऑगस्टा येथील रॉबर्ट ॲडम्स यांनी हेच माप सिकलसेल झालेल्या मुलांना लावले. सेकंदाला २०० सेंटिमीटर वा अधिक वेग आढळलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. विदर्भातील कित्येक आदिवासी कुटुंबांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असल्याने बर्नच्या त्या मोजणीचा संबंध थेट आपल्या मुलखाशी पोहोचतो.