अदृश्यता आणि पदचिन्हे

पैठणपासून सिरोंच्याजवळील प्राणहिता-संगमापर्यंतचे गोदावरीचे खोरे सातवाहनांच्या इतिहासाशी निगडित आहे. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू युआन श्वांग याने बौद्ध आचार्य नागार्जुन व त्याचा आश्रयदाता सातवाहन राजा यांचा संबंध कोसल देशाशी जोडला. त्या देशाच्या राजधानीसाठी कनिंघम यांनी चांद्याचे नाव सुचविले होते. ते मत सर्वमान्य झाले नाही. तथापि नागार्जुनाची एक कथा स्थलनिर्णयाहून निराळ्या कारणाने विचारणीय आहे.

कुमारजीवाच्या नावावर असलेल्या चिनी चरित्रानुसार तरुण नागार्जुन व त्याचे तीन मित्र पापण्यांस औषधी लेप लावून अदृश्य होत आणि राजाच्या अंतःपुरात शिरत. काही स्त्रिया गर्भवती झाल्यावर राजाने सल्ला विचारला. उत्तर असे मिळाले की, दारांत बारीक माती पसरावी. पावले उमटली नाहीत तर ती पिशाचे होत, त्यांवर मंत्राचा उपाय. पावले उमटली तर ती माणसे होत, त्यांवर शस्त्राचा. पावले उमटली. सैनिकांनी हवेत तलवारी फिरविल्या व तिघे मारले गेले. राजाच्या अगदी निकट उभा राहिल्याने नागार्जुन तेवढा वाचला.

येथे मंत्रास प्रतिमंत्र योजलेला नाही. लेपाने रूप झाकले, देहाचा भार नव्हे. योगसूत्रांतही अंतर्धान म्हणजे देहाच्या रूपाची नेत्रग्राह्यता रोखणे होय. शब्दादिकांच्या अंतर्धानाचा उल्लेख भाष्यकारास स्वतंत्रपणे करावा लागला. पाणिनीने लोपाची व्याख्या अदर्शन अशीच केली आणि लुप्त प्रत्ययाचे कार्य शिल्लक राहते, असेही सांगितले. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हा भेद व्याकरणाने व कथेने सारखाच जपला आहे. कौटिल्याच्या चौदाव्या अधिकरणात अंधारात पाहण्याचे अंजन व अदृश्य होण्याचे प्रयोग एकाच ठिकाणी येतात. पण अंधार भेदणारे अंजन अदृश्यासही उघडे करते, असे तेथे म्हटलेले नाही.

हाच भेद आधुनिक खेळातही आढळतो. गायगॅक्स व आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या २०१४ च्या नियमांत अदृश्य पात्र आपोआप लपलेले ठरत नाही. आवाज वा पाऊलखुणा यांवरून त्याचे स्थान कळते. लपण्यासाठी त्याने वेगळा प्रयत्न करून फासा टाकावा लागतो. अंधारात पाहण्याची शक्ती अदृश्यास दाखवीत नाही. अदृश्यास पाहण्याचा मंत्र त्याला दाखवितो, पण भिंतीआडच्या माणसास नव्हे.

या साम्यावरून उसनवारीचे अनुमान काढणे युक्त नाही. एका इंद्रियास फसविले तरी इतरांची साक्ष उरते, या सामान्य अनुभवातून दोन्हीकडे तोच नियम निघाला असावा. कथेतील सल्ल्याचे मोल यातच आहे की, भयाने पिशाच गृहीत न धरता त्याने आधी माती पसरावयास सांगितली आणि उपाय मागाहून ठरविला.