पेरलेली खुर्ची

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एम्बॅरस नावाचं लहानसं गाव आहे. तिथले जॉन क्रुबसॅक पेशाने बँकवाले, पण हौस लाकूडकामाची. 1903 साली त्यांनी बॉक्स एल्डरचं बी पेरलं, ते सावलीसाठी नव्हे, बसायला खुर्ची हवी म्हणून! 1907 मध्ये रोपं खुर्चीच्या आराखड्यानुसार जमिनीत लावली. पुढची वर्षं फांद्या वाकवण्यात, बांधण्यात आणि वाट पाहण्यात गेली. पाय, बैठक, पाठ, हात, सगळं हळूहळू जागच्या जागी जुळून आलं. 1914 मध्ये खुर्ची मुळावेगळी केली. ना खिळा, ना सरस. दुसऱ्याच वर्षी ती सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात मिरवली.

यातली युक्ती कोकणातल्या जुन्या बागायतदाराला नवी नाही. आंब्याचं भेटकलम करतात तसंच हे: दोन जिवंत फांद्यांची साल तासायची, आतले ओले थर भिडवायचे, घट्ट बांधायचं. कालांतराने लाकूड एक होतं. रानात तर वाऱ्याने घासूनही फांद्या अशा जुळतात.

कॅलिफोर्नियातले शेतकरी अ‍ॅक्सेल अर्लंडसन यांना झाडांच्या कुंपणात असाच आपसूक झालेला जोड दिसला आणि नादच लागला. क्रुबसॅकनी झाडं तोडून खुर्ची मिळवली. अर्लंडसनना झाड उभंच हवं होतं. चार सिकॅमोर चौकोनात लावून वर एकच बुंधा केला. सहा गोलात लावून शंकरपाळी नक्षीची टोपली विणली. 1947 मध्ये स्कॉट्स व्हॅलीत रस्त्याकडेला त्यांनी तिकीट लावून 'ट्री सर्कस' उघडली. वर्तमानपत्रांत नाव झालं, गल्ला मात्र बेताचाच.

हे कसं जमतं, असं पोरांनी विचारलं की ते सांगत, झाडांशी बोलतो. उत्तर गोड, पण महागात पडलं. 1964 मध्ये ते वारले आणि पद्धतीचे बारकावे त्यांच्याबरोबर गेले.

मेघालयातल्या खासी गावांना हा आडपडदा परवडलाच नसता. रबराच्या वडाची मुळं ओढ्यापलीकडे नेऊन पूल वाढवायचा, तर एका माणसाचं आयुष्य पुरेलच असं नाही; काम पुढच्यांना शिकवावंच लागतं.

अर्लंडसन यांची तगलेली झाडं 1985 मध्ये मुळांसकट गिलरॉयला हलवली. तिथल्या बागेत ती आजही पाहता येतात. त्यांच्या कामानं भारलेल्या रिचर्ड रीम्स यांनी 1995 मध्ये बार्बरा डेलबोल यांच्यासह खुर्ची कशी वाढवायची याचं पुस्तकच काढलं. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये गॅव्हिन मन्रो तर आता शेतात ओळीने खुर्च्या लावतात आणि तयार झाल्या की कापून विकतात.